दहा रुपयांत सरकार वेठीला? माहिती अधिकाराच्या फीवरच्या एका मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतो. थोडक्यात तो असा: माहिती अधिकाराचा अर्ज फक्त १० रुपयांत होतो. २००५ पासून ही फी तशीच आहे. एकेका अर्जापायी सरकारचे हजारो रुपये जातात आणि ते तुमच्याआमच्या करातले असतात. रिकामटेकड्यांनी आणि ब्लॅकमेलरांनी याचा धंदा केला आहे. फी ५०० रुपये करा, धंदा आपोआप बसेल. ज्याला खरंच माहिती हवी आहे त्याला ५०० जड नाहीत, आणि गरिबाला तर फी माफच आहे. परदेशात तासावर पैसे मोजावे लागतात, आपल्याकडेच हे लाड. शेवटी हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही, म्हणून पुढे पाठवण्याऐवजी उत्तर लिहितो आहे. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही. १० रुपयांचा आकडा खरा आहे, तो वाढलेला नाही हेही खरं. गडबड पुढच्या हिशोबात आहे.

'माहिती १० रुपयांत मिळते'

१० रुपयांत फक्त अर्ज दाखल होतो. माहितीचे पैसे वेगळे. केंद्राच्या नियमांप्रमाणे ए-३ किंवा त्याहून लहान कागदाला पानामागे २ रुपये, मोठा नकाशा वगैरे असेल तर प्रत्यक्ष खर्च, फ्लॉपीत हवी तर ५० रुपये (हो, २०१२ च्या नियमांत अजून फ्लॉपी आहे), शिवाय टपालखर्च ५० रुपयांच्या वर गेला तर तोही. महाराष्ट्रातही अर्जाला १० आणि पानाला २ रुपयेच. आपल्याकडे भर म्हणजे पहिल्या अपिलाला २० आणि दुसऱ्या अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राकडे अपिलाला काहीच पडत नाही. म्हणजे दोन हजार पानांची नस्ती मागितली तर ४,००० रुपये आधी भरायचे, मग कागद. मोठ्या मागणीला मोठं बिल ही सोय नियमांत पहिल्यापासून आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती ठाऊक नसावी, किंवा सोयीची नसावी.

आणि या पानांच्या बिलाचीच गंमत जास्त आहे. एका कार्यालयाकडे मी एका रस्त्याच्या कामाची मोजमापं आणि देयकं मागितली होती. अर्ज दिल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं: ८,६४० रुपये भरा. पानं किती, दर काय, काही नाही. कायद्याचं कलम ७(३) सांगतं की जादा रक्कम मागताना ती कशी काढली याचा हिशोब द्यायचा, आणि रक्कम पटली नाही तर दाद कुणाकडे मागायची हेही त्याच पत्रात कळवायचं. दोन्ही नव्हतं. विचारल्यावर कळलं, ४,३२० पानं, त्यात त्या विभागाची त्या वर्षातली सगळीच कामं. मी प्रती नकोत, आधी कागद पाहू द्या असं लिहून दिलं. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. तासाभराच्या आत हवी ती ११ पानं सापडली. २२ रुपये भरले आणि घरी आलो.

एकोणतिसाव्या दिवसाचंही एक कारण असतं. मागणीचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ माहिती देण्याच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. त्यामुळे पत्र एकोणतिसाव्या दिवशी पाठवलं तरी घड्याळ कार्यालयाच्या बाजूने थांबतं. मुदत टळली तर मात्र कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली की शेवटच्या आठवड्यात निघणाऱ्या पत्रांचा उलगडा होतो. ज्याला पाहणीचा हक्क माहीत नाही तो ८,६४० चा आकडा बघून गप्प बसतो. फी कमी असल्यामुळे लोक सुटतात असं म्हणणाऱ्यांनी ही गप्प बसलेली माणसंही कधी मोजावीत.

'एका अर्जामागे सरकारचे हजारो रुपये जातात'

हा आकडा काढण्याची रीत ठरलेली आहे. अधिकाऱ्याचा पगार घ्या, त्याला तासांनी भागा, अर्जावर गेलेले तास गुणा. त्या हिशोबाने दाखला देणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, साहेबांच्या दौऱ्याची तयारी करणं, सगळंच हजारोंचं. पगार अर्ज आला नाही तरी निघतोच. केंद्राच्या काय किंवा राज्याच्या काय, फीच्या नियमांत शोधण्याच्या वेळेचा किंवा कर्मचाऱ्याच्या पगाराचा दर कुठेही नाही. पानाला २ रुपये म्हणजे कागद आणि शाईचा खर्च. झेरॉक्सवाला जवळपास त्याच भावात पोटही भरतो. त्यामुळे 'वीस वर्षांत महागाई किती वाढली' हा प्रश्न इथे फारसा लागू पडत नाही. स्कॅन करून ईमेलने पाठवलेल्या पानाला तर शाईही लागत नाही.

वेळ जातो हे मान्य. का जातो ते पाहू. कलम ४(१)(क) ने २००५ मध्येच प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला, म्हणजे सरकारी कार्यालयाला, सांगितलं की सगळे अभिलेख सूची करून, अनुक्रम लावून ठेवा आणि जमेल तितके संगणकावर आणा. त्याच कलमात सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या आहेत, त्याही कायदा झाल्यापासून १२० दिवसांत: कोणाला काय अधिकार, कर्मचाऱ्यांचं वेतन, अर्थसंकल्प, अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी, दिलेले परवाने. कलम ४(२) तर उघडच लिहितं की ही माहिती अशी नियमित प्रसिद्ध करत राहा की लोकांना या कायद्याचा वापर कमीत कमी करावा लागेल. अर्ज फार येतात या दुखण्यावरचं औषध कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि ते फीवाढ नाही. लाभार्थ्यांची यादी संकेतस्थळावर टाकली तर ती मागणारे अर्ज येणार नाहीत. ती टाकायची नाही, कपाटातल्या गठ्ठ्यात ठेवायची, आणि मग शोधायला तीन माणसं लागली म्हणून खर्च नागरिकाच्या नावावर मांडायचा, असा हा हिशोब आहे.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचं एक वाक्य नेहमी फेकलं जातं. ७५ टक्के कर्मचारी आपला ७५ टक्के वेळ माहिती गोळा करून देण्यातच घालवत आहेत असं चित्र देशाला नको, अशा अर्थाचं. वाक्य खरं आहे, ऑगस्ट २०११ च्या सीबीएसईच्या खटल्यातलं. पण मोजणी करून काढलेला तो निष्कर्ष नव्हता, नको असलेल्या टोकाचा तो इशारा होता. आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला हे मेसेज पाठवणारे सांगत नाहीत: परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क त्याच निकालाने दिला.

'फी ५०० करा, ब्लॅकमेलर थांबतील'

ब्लॅकमेलर आहेत. नाहीत म्हणण्यात अर्थ नाही. बांधकाम परवान्याच्या प्रती काढायच्या, बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसायचं आणि 'मिटवून टाका' म्हणायचं, ही जात बऱ्याच शहरांत पाहायला मिळते. पण तिच्या धंद्यात ५०० रुपये म्हणजे काय? ज्याला लाखाची अपेक्षा आहे त्याच्यासाठी ती किरकोळ गुंतवणूक आहे. फी वाढली की उलट त्याची स्पर्धा कमी होते, कारण तीच माहिती फुकट चव्हाट्यावर मांडणारा शेजारी बाजूला होतो. खंडणी मागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहेच. तक्रार मात्र क्वचित होते, कारण परवान्यात काहीतरी दडवण्यासारखं असल्याशिवाय ब्लॅकमेल चालत नाही. तो परवाना पहिल्या दिवसापासून संकेतस्थळावर असता तर विकायला काय उरलं असतं?

उगाच त्रास देणारे अर्जदार हा वेगळा गट. जुना सूड, नोकरीतली भांडणं, एकाच विषयावर शंभर अर्ज. अशा अर्जदाराच्या टेबलापलीकडे बसलेल्या जन माहिती अधिकाऱ्याची, म्हणजे अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्या माणसाची, मला खरोखर कीव येते. उशीर झाला तर दिवसाला २५० आणि एकूण २५,००० रुपयांपर्यंतचा दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, साहेबांच्या नाही. पण इलाज अर्ज बघून करायचा असतो. कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार गुंतत असेल तर मागितलेल्या स्वरूपात माहिती न देता दुसऱ्या स्वरूपात देण्याची मुभा कलम ७(९) मध्ये आहे. म्हणजे मी मागितली तशी पाहणी कार्यालयही आपणहून देऊ शकतं. सरसकट फीवाढ शंभर अर्जवाल्याला आणि आयुष्यात एकच अर्ज करणाऱ्या म्हातारीला एकाच मापाने मोजते, आणि थांबते ती म्हातारी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा घातली, हाही गर्दी आवरण्याचाच प्रयत्न होता. त्याने झालं इतकंच की जे एका अर्जात मावलं असतं त्याचे तीन अर्ज पडू लागले.

'सरकारने मनात आणलं तर उद्या ५०० करेल'

करता येणार नाही, निदान सहज नाही. कलम ७(५) म्हणतं फी वाजवी हवी. आणि ५०० रुपयांचा प्रयोग झालेला आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपल्या नियमांत अर्जाला ५०० रुपये ठेवले होते. (फीचे नियम प्रत्येक राज्य सरकार, उच्च न्यायालय आणि विधिमंडळ आपापले करू शकतं, त्यामुळे हा प्रकार झाला.) प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० मार्च २०१८ ला निकाल आला: सर्वसाधारणपणे अर्जाची फी ५० रुपयांच्या आणि पानाची ५ रुपयांच्या वर नसावी, आणि अर्जात हेतू सांगण्याची सक्ती नसावी. अपवादात्मक परिस्थितीला आणि पुढेमागे फेरविचाराला न्यायालयाने जागा ठेवली आहे, ते लपवत नाही. पण आज तरी मेसेजमधला आकडा त्या मर्यादेच्या दहापट आहे.

'परदेशात तासावर पैसे घेतात'

हे अर्धं वाक्य आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दाखल फीच नाही. साध्या अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पानं फुकट, पत्रकाराला शोधाचं शुल्क माफ. व्यापारी कामासाठी मागणाऱ्याकडून मात्र पूर्ण वसुली, म्हणजे पहिल्या तासापासून दर मोजावा लागतो तो त्याला. ब्रिटनमध्येही अर्ज फुकट. खर्चाची ठरावीक मर्यादा ओलांडली तर अर्ज नाकारता येतो.

मेसेजला हवा असलेला प्रयोग खरोखर केला तो आयर्लंडने. २००३ मध्ये अर्जाला १५ युरो, अंतर्गत फेरविचाराला ७५ आणि माहिती आयुक्तांकडे अपिलाला १५० युरो. अर्ज धाडकन घसरले. स्वतःच्या फायलीसाठीच्या अर्जांना ती दाखल फी नव्हती, त्यामुळे घट झाली ती सरकारच्या कारभाराबद्दल विचारणाऱ्यांमध्ये. २०१४ मध्ये नवा कायदा करून त्यांनी ते १५ युरो काढून टाकले.

'गरिबाला माफी आहेच'

माफी दारिद्र्यरेषेखालच्यांना आहे. ती रेषा कशी आखली जाते आणि यादीत कोण बसतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. यादीत नाव नसलेला शेतमजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांना ५०० पूर्ण लागतील, वर अर्ज द्यायला जाण्याचा एक दिवसाचा रोज बुडेल तो वेगळा. आणि कागदावरच्या दोन रुपयांचं मोल याच लोकांनी आधी ओळखलं होतं. राजस्थानात रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मागणाऱ्या मजुरांना सरकारने आधी कागद बघा, हाताने उतरवून घ्या, पण झेरॉक्स मिळणार नाही असं सांगितलं. १९९६ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं ते त्या झेरॉक्सच्या हक्कासाठी.

फीबद्दल तक्रारच करायची तर मेसेजमध्ये नसलेली एक मी सुचवतो. महाराष्ट्रात राज्याच्या कार्यालयाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. तोच स्टॅम्प लावून रेल्वेला किंवा सरकारी बँकेला अर्ज पाठवला की तो परत येतो, कारण केंद्राच्या नियमांत स्टॅम्प नाही. तिथे पोस्टल ऑर्डर, ड्राफ्ट किंवा रोख लागते. ऑनलाइन पोर्टलमुळे शहरातल्यांची यातून सुटका झाली आहे. बाकीच्यांचा महिना तिकिटाच्या चुकीत जातो, आणि १० रुपये परत मिळत नाहीत.