डॉक्टर व्हायचंय? मग भूगोल घ्या!

पालकहो, दहावीचा निकाल लागला की पेढ्यांचा बॉक्स रिकामा व्हायच्या आत मुलीचा अकरावीच्या विषयांचा ग्रुप ठरवून टाका. उशीर केलात तर ती स्वतः विचार करायला लागेल, आणि मग निस्तरायला तुम्हीच आहात.

डॉक्टर करायचं हे तर पक्कंच आहे. पाचवीत तिने मांजरीच्या पायाला पट्टी बांधली होती, याहून भक्कम पुरावा काय हवा? प्रश्न उरतो विषयांचा.

तर आधी गणित सोडा. पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो घेतलं की गणिताची ब्याद टळते, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. फक्त फिजिक्सला कुणी कळवलेलं नाही. बोर्डाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडा, दुसराच धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स'. व्हेक्टर आहेत, डेरिव्हेटिव्ह आहेत, इंटिग्रेशनही आहे. 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिच्या 720 पैकी 180 गुण याच फिजिक्सचे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. पण त्याचं टेन्शन आत्ता कशाला? ते क्लासवाले बघतील, फी त्याचीच तर भरलीय.

गणिताच्या जागी काय घ्यायचं? भूगोल. भावी सर्जनला मान्सूनची वाटचाल ठाऊक असलेली बरी. किंवा बायफोकलला, म्हणजे व्यवसाय विषयाला, फिशरीज (मत्स्यव्यवसाय) घ्या, 200 गुणांचा विषय आहे. ज्यांचा निर्णयच होत नाही त्यांनी पीसीएमबी घ्यावं, म्हणजे गणितही आणि बायोही. नीटही द्यायची, राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेचे दोन्ही ग्रुपही (पीसीएम आणि पीसीबी) द्यायचे आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवून मे महिन्यापर्यंत तसंच उभं राहायचं.

मराठीला तर हातच लावू नका. तिथे आयटी घ्या, पेपर कॉम्प्युटरवर असतो आणि मार्क पडतात. पुढे ओपीडीत एखादी आजी "पोटात ढवळतंय गं, अंगात कसकस आहे, सांधे ठणकतात" म्हणत समोर बसली, तर सरळ रक्ताच्या सगळ्या तपासण्या लिहून द्यायच्या. आजीला काय म्हणायचं होतं ते रिपोर्टमध्ये येईलच.

आता कुणीतरी शहाणा सांगेल की बारावीच्या टक्क्यांना मेडिकलच्या मेरिट लिस्टमध्ये वजनच नाही. खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून 50 टक्के असले की पुरतं, पुढचं सगळं नीटच्या गुणांवर. मग हे स्कोअरिंगचे विषय कशासाठी? अहो, चौकातल्या फ्लेक्ससाठी! त्यावर नीटचा पर्सेंटाइल लावला तर शेजाऱ्यांना कळत नाही. '94 टक्के' सगळ्यांना कळतात.

कॉलेज मात्र पारखून घ्या. चांगलं कॉलेज म्हणजे जिथे जावं लागत नाही ते. इंटिग्रेटेड, म्हणजे क्लासशी जोडलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, मुलगी दिवसभर क्लासमध्ये आणि हजेरी कॉलेजात. प्रॅक्टिकलला जावं लागलंच तर ब्यूरेटची (द्रावण थेंबथेंब सोडायच्या नळीची) रीडिंग्ज गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घ्यायची. तिन्ही वेळा बरोब्बर 10.2! द्रावण गुलाबी होतं की नाही हे बघायला कुणाला सवड आहे? सही झाली, विषय संपला. माणसाच्या शरीरात सुई खुपसण्याआधी एकदा तरी टेस्ट ट्यूब हातात धरावी, हा आग्रह जुन्या मास्तरांचा. ते आता निवृत्त झाले.

2025 साली 22 लाखांवर मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर. हा हिशेब घरात बोलू नका, वातावरण बिघडतं. नाहीच लागला नंबर तर ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट. तरी नाही लागला तर बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आहेतच. ज्यांना मनापासून आयुर्वेदच शिकायचा आहे त्यांना आपली गर्दी जरा सोसावी लागेल, त्याला इलाज नाही.

एवढं ठरलं की रात्री निवांत बसून अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरा. कॉलेजांचे दहा पसंतीक्रम तुमचे तुम्हीच टाका, मुलीला उठवू नका. फक्त रजिस्ट्रेशनला चुकून तिचा मोबाइल नंबर दिला असेल तर ओटीपी तिच्याकडे येईल. तेवढा मात्र तिला विचारून घ्या.