मोरी पाहून गोधडी भिजवावी

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायचं, ही पद्धत ज्यांनी घातली त्यांच्या दाराशी नदी होती. वाहतं पाणी होतं, वाळत घालायला खडक होते आणि पिळताना दुसरं टोक धरायला शेजारीण होती. आपल्या वाट्याला चार बाय सहाची बाथरूम, सकाळी दीड तास येणारं पाणी आणि ‘गॅलरीच्या ग्रिलवर कपडे टाकू नयेत’ ही सोसायटीची नोटीस आली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळ्यांना पाठ असतं. मोरी पाहून गोधडी भिजवावी, हे कुणी सांगत नाही.

चादरी-ब्लँकेटांचं काही नाही, ती मशीनमध्ये जातात. खरा पेच माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेल्या जुन्या गोधडीचा. ती कुणाच्या आजीनं शिवली यावरून घरात दोन तट असतात. धुवायला हवी यावर मात्र तत्काळ एकमत होतं. कुणी धुवायची, इथे पुन्हा शांतता.

मला विचाराल तर पहिला सल्ला असा की धुवूच नका. निदान लगेच नको. ट्रंकेतला कुबट वास म्हणजे मळ नव्हे. तो बहुतेक वेळा कोंडलेल्या दमटपणाचा असतो आणि सावलीत दोन-तीन दिवस वारा लागला की बराचसा जातो. धूळ काढायला गोधडी गच्चीच्या कठड्यावर टाकून बडवायची नाही. विरलेलं सूत धुळीच्या आधी सुटतं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर मच्छरदाणीचा हातभर तुकडा गोधडीवर अंथरायचा, ओढ सगळ्यांत कमी ठेवायची आणि जाळीवरून नळीचं तोंड उचलून उचलून टेकवायचं, घासायचं नाही. दोन्ही बाजू अशा झाल्या की पुष्कळदा धुण्यासारखं फारसं काही उरत नाही. हे निरीक्षण घरात मोठ्यानं मांडू नये. त्याला कामचुकारपणा म्हणतात.

धुवायचीच ठरली तर मशीनचा विषय आधी संपवू. आठ मीटरची चार-पाच लुगडी पोटात घेतलेली गोधडी कोरडी तीन-साडेतीन किलो भरते. मशीनवर ‘७ किलो’ लिहिलेलं असतं. तीन सातात बसतात हे गणित बरोबर आहे, पण भिजल्यावर ते तीन किलो दहाच्या घरात जातात आणि सगळे मिळून ड्रमच्या एका बाजूला जाऊन बसतात. मशीन धडधडतं, थांबतं, समतोल साधायला पुन्हा पाणी घेतं, पुन्हा धडधडतं. तोवर आतला धावदोरा जागोजागी तुटलेला असतो आणि मधले थर घसरून एका कोपऱ्यात गोळा झालेले असतात. हल्ली मशीनवर शिवलेली, भक्कम दोऱ्याची गोधडी हे सोसते. हातशिलाईची, पंचवीस-तीस वर्षं वापरलेली नाही.

मग ओळखपरेड. गोधडी म्हणजे सुती, हा एक लाडका समज आहे. सत्तरच्या दशकानंतर शिवलेल्या गोधडीच्या पोटात काहीही निघतं: टेरिकॉटची पँट, नायलॉनची साडी, लोकरीच्या शालीचा तुकडा. सूत पाण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवलेली असली की धुतल्यावर एक आखडतं आणि दुसरं फुगून बसतं. म्हणून उसवलेल्या जागेतून एकेक धागा काढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर नाहीतर नायलॉन. हा प्रयोग बेसिनपाशी करावा, गोधडीपासून लांब. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

यापुढची रंगाची परीक्षा कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. पांढऱ्या सुती फडक्याचा तुकडा ओला करून प्रत्येक रंगावर दोन मिनिटं दाबून धरायचा. मग तेच साबणाच्या पाण्यानं. ठिगळं चाळीस असली तर चाळीस वेळा. लोक सहाव्या ठिगळाला ‘बाकीचे पक्केच असणार’ असं ठरवून मोकळे होतात, आणि सातव्याचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या धोतरात उतरतो. फडक्यावर रंग आला तर ती गोधडी पाण्यात घालायची नाही, विषय संपला. मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की कच्चा रंग पक्का होतो, असं सांगणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. होत नाही. गोधडीला लोणच्याचा वास तेवढा येतो.

काळ्या आणि गडद तपकिरी कापडाकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. हिरड्यासारखा तुरट पदार्थ आणि लोह यांच्या संयोगातून केलेला जुना काळा रंग वर्षानुवर्षं खालचं सूत कुरतडत असतो. छापील कापडात फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या कडा मात्र भोकं होऊन गळलेल्या दिसतात, त्या यामुळे. उंदरांवर उगाच आळ येतो.

आता डाग. रक्ताच्या डागाला गार पाणी. गरम पाण्यानं त्यातलं प्रथिन सुतात घट्ट बसतं आणि डाग कायमचा राहतो. गंजाचा डाग, जो बहुधा ट्रंकेचाच प्रसाद असतो, लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवला की फिका होतो. पण हे फक्त पांढऱ्या, धडक्या कापडावर आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवून. रंगीत कापडावर लिंबू डागाबरोबर रंगही नेतं. हळदीच्या डागावर मात्र घराघरात रडारड होते. साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो आणि साबण लावणारी व्यक्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. ती निर्दोष आहे. अल्कली लागली की हळद लाल होते. पारंपरिक कुंकवाचा रंगही याच गुणातून येतो. पाण्यानं साबण निघाला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि हळदीचा रंग उन्हाला फार कच्चा असल्यानं दोन-चार दुपारींत बराचसा उडतो. क्लोरीनच्या ब्लीचचं नावही काढू नये. त्यानं डाग जातो हे खरं, पण डागाखालचं सूतही काही महिन्यांनी जातं.

प्रत्यक्ष धुण्याला बाथरूमपेक्षा गच्ची बरी आणि बादलीपेक्षा लहान मुलांचा फुगवायचा टब बरा. टबात आधी एक जुनी मजबूत चादर पसरायची, तिच्यावर गोधडी सैल घड्या घालून ठेवायची. चादर ही झोळी. ओली गोधडी नंतर तिच्यासकट उचलायची असते. हातानं धरून उचलली तर धरलेला भाग हातात राहतो. पाणी कोमट, हाताला जेमतेम जाणवेल इतकंच, गोधडीच्या वर चार बोटं. दहा लिटरला एक टेबलस्पून सौम्य द्रव साबण आधी पाण्यात पूर्ण मिसळून घ्यायचा. वडीचा साबण बोअरच्या जड पाण्यात नको. त्याचा चिकट पांढरा साका थरांच्या आत बसतो आणि निघत नाही. रिठा चालतो. शंभर ग्रॅम रिठे रात्रभर अडीच लिटर पाण्यात भिजवून, सकाळी पंधरा मिनिटं उकळून फडक्यातून गाळून घ्यावेत. मात्र पांढऱ्या कापडाला त्याची किंचित पिवळट झाक येते.

पंधरा-वीस मिनिटं तळव्यांनी नुसतं दाबायचं आणि सोडायचं. घासणं, चोळणं, तुडवणं, मोगरीनं धोपटणं यांपैकी काही नाही. इथे ज्येष्ठ मंडळी खुर्ची घेऊन शेजारी बसतात आणि ‘असं गोंजारून कुठं मळ निघतो होय?’ अशी विचारणा करतात. निघतो. पाणी बघता बघता तपकिरी होतं, आणि तो सगळा मळही नसतो. जुनं सूत हळूहळू कुजून तयार झालेलं आम्लही त्यातून सुटत असतं. ते गेलं की कापड जरा मऊ पडतं. धुण्याचा मोठा फायदा माझ्या मते हाच, पांढरेपणा नव्हे. हे दाखवूनही ज्येष्ठांचं समाधान होत नाही. त्यांना आवाज हवा असतो.

खंगाळणं फेस पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा. एका वेळेला साठ-सत्तर लिटर धरले तर एकूण चारशेच्या आसपास पाणी जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींशी संबंध चांगले असतील तरच हा बेत करावा, किंवा ते गावाला गेले असतील तेव्हा. घोंगडं भिजत ठेवायला हरकत नाही, सगळा देश तेच करतो. गोधडी भिजत ठेवून नाश्त्याला जाऊ नये. रंग सुटतो तो बहुधा अशा वेळी.

पिळायचं नाही. दोघांनी चादरीची चार टोकं धरून उचलायचं, अर्धा तास निथळू द्यायचं, मग जुन्या टॉवेलांत गुंडाळून दाबायचं. दोरीवर टाकायचं नाही, कारण दहा किलोचा भार एका रेषेवर येतो आणि तिथेच कापड चिरतं. खाट असेल तर उत्तम, नाहीतर कोरड्या चादरीवर आडवी पसरायची, वर दुसरी पातळ चादर. ही वरची चादर उन्हानं रंग उडू नये म्हणून, आणि कबुतरांसाठी. कबुतरं ताज्या धुतलेल्या गोधडीची वाटच बघत असतात. दर तासाला पालटायची. वाळणं लांबलं तर आतला उरलासुरला मळ पाण्याबरोबर कडेकडे सरकतो आणि तिथे तपकिरी रेघ उमटते. म्हणून परतीचा पाऊस घोंघावत असताना मुहूर्त गाठायच्या हट्टानं गोधडी भिजवू नये. घट बसतील. देवीला दिवाळीनंतरचं ऊनही मान्य असतं.

डागडुजी करताना मोह होतो तो सगळी उसवून नव्यानं भरण्याचा. करू नका. जुन्या गोधडीत बरेचदा तिच्याहून जुनी गोधडी निघते, तिच्या आत धोतर, पटका, साखरेची कापडी पिशवी. एखाद्या थराच्या किनारीवर गिरणीचा शिक्काही सापडतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्यानंतर बऱ्याच गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत; म्हणजे तो थर बहुधा त्याआधीचा. असा शिक्का दिसला की काम दोन तास थांबतं, कारण घरातलं प्रत्येक जण येऊन बघून जातं. जे आत आहे ते आत राहू द्यावं, वरचं फाटलेलं तेवढं झाकावं.

ठिगळाचं कापड नवं कोरं नको. ते आटतं, आणि भोवतालच्या म्हाताऱ्या कापडाला ओढून फाडतं. आधी दोनदा गरम पाण्यातून काढलेलं किंवा सरळ जुन्या साडीचं घ्यावं. ठिगळ फाटक्या भागाच्या चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर पुढे, धडक्या कापडावर टेकायला हवं. कडा आत दुमडून अर्ध्या सेंटिमीटरचे सैलसर टाके घालावेत. दोरा सुती, पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो आणि त्यालाच कापत जातो. दाभण नको, भोकं मोठी पडतात. आपल्याकडे बऱ्याच गोधड्यांत टाक्यांच्या ओळी बाहेरच्या कडेनं सुरू होऊन आत आत जातात, तीच चाल ठेवली की डागडुजी डोळ्यांवर येत नाही. वरची कड, म्हणजे हनुवटीखाली येणारी, सगळ्यांत आधी जाते. तेल, लाळ आणि दाढीची खुंटं यांचं हे संयुक्त कार्य असतं. तिच्यावर गोट चढवावा. कोपऱ्यांबद्दल कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांकडून शिकावं. त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर दुमडलेल्या रंगीत चिंध्यांची फुलं असतात, आणि ती नसली तर कवंदी नागडी दिसते असं त्या मानतात.

ज्या गोधडीत धड भागापेक्षा भोकं जास्त, तिचं काही वेगळं करायला हरकत नाही. पण कात्री आधी नाही. जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर अंतरावर दोन-दोन शिलाया घालून मग मधून कापायचं. नाहीतर सगळा धावदोरा निसटतो आणि हातात दहा सुटे थर येतात. धडक्या भागाचं बाळाला दुपटं, कमी धडक्याचं बस्कर, उरलेल्याची पिशवी. गरम भांडी धरायला करायचं असेल तर आतला प्रत्येक थर सुती हवा, कारण पॉलिएस्टर कढईला वितळून चिकटतं. गोधडीचं जाकीट करून घेण्याची सध्या टूम आहे. दिसतं छान, पण विरलेलं कापड काखेत आणि कोपरावर महिन्याभरात जातं, आणि मग जाकिटावर ठिगळ लावावं लागतं.

ठेवताना प्लास्टिकची चेनवाली पिशवी नको, आत दमट कोंडतं. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळावी, ट्रंकेच्या पत्र्याला थेट टेकू देऊ नये आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी वेगळ्या ठिकाणी मोडावी, नाहीतर तिथेच चीर जाते. खळ असलेलं काही आत ठेवू नये, कसरीला ते आमंत्रण वाटतं. कापूर आणि डांबराच्या गोळ्या एकत्र टाकू नयेत. दोन्ही मिळून उन्हाळ्यात पाघळतात आणि नवा डाग पडतो. त्यापेक्षा मलमलीच्या पुरचुंडीत वेखंड बरं. झाकणाला आतून चिठ्ठी लावावी: धुतल्याची तारीख आणि कुठलं ठिगळ रंग सोडतं ते. पेन्सिलीनं लिहावं. पेनाची शाई दमटपणात उतरते आणि पुढच्या भाद्रपदात तो डाग कशाचा यावर चर्चा सुरू होते.