तारा लावल्यात म्हणून व्हिटॅमिन डीच्या पुड्या घेऊ नका

व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की दातांना तारा लावल्या असतील तर दर आठवड्याला व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी आणि रोज व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी घ्या, दोन वर्षांचं काम आठ महिन्यांत होतं, संशोधनाने सिद्ध झालंय, आणि व्हिटॅमिनने कुठे काय नुकसान होतं.

संशोधन झालंय हे खरंय. 1988 साली कॉलिन्स आणि सिंक्लेअर यांनी केलं, पण मांजरांवर, आणि पुड्या देऊन नाही तर शरीरात वापरायला तयार असलेलं व्हिटॅमिन डी, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, थेट दाताच्या मुळाशी टोचून. 21 दिवसांत तो दात न टोचलेल्या दातापेक्षा 60 टक्के जास्त सरकला. दात सरकतो कसा, तर दाब पडतो त्या बाजूचं हाड पेशी खातात आणि मागे नवीन हाड भरतं, कॅल्सिट्रायॉल तिथेच टोचलं की हाड खाणाऱ्या पेशी वाढतात. पुडीतलं डी मात्र आधी लिव्हरमध्ये मग किडनीत बदलतं आणि किती बदलायचं ते शरीरच ठरवतं, तुम्ही दुप्पट घेतलं म्हणून दातापाशी दुप्पट पोचत नाही.

आठ महिन्यांचं गणितही बसत नाही. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, जागा करायला दाढेपुढचा दात काढला तर फट जवळपास सात मिलिमीटरची, म्हणजे नुसती ती भरण्यातच बरेच महिने जातात, त्याआधी वेडेवाकडे दात ओळीत आणायचे आणि नंतर मुळं सरळ करायची ते वेगळंच.

सी हवंच, दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू त्याच्यावरच बनतात, पण पेरू-आवळा खाणाऱ्याला वर गोळी कशाला? आणि ती गोळी आंबट असते हो, चघळली की चुरा ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेला अडकून बसतो आणि नेमकं तिथलंच इनॅमल झिजतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो नुकसान नाही या वाक्याचा. आठवड्याला 60,000 म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट, मोठ्या माणसालाही स्वतःहून रोज 4,000 च्या वर घेऊ नये म्हणतात, आणि इथे आईबाप बारा-तेरा वर्षांच्या पोरांना देतायत! कमतरता असली तर डॉक्टर हाच डोस देतात पण ठरावीक आठवडे, मग बंद. महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, मुतखडा.

ट्रीटमेंट लांबते ती तुटलेलं ब्रॅकेट तसंच ठेवल्याने, रबर न लावल्याने, अपॉइंटमेंट बुडवल्याने. पुड्या आधीच सुरू केल्या असतील तर थांबवा आणि किती, कधीपासून घेतल्या ते डॉक्टरांना नीट सांगा.