दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : टायर, डॅम्पिंग आणि मित्राची बीएमडब्ल्यू

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तीनदा वाचला खरं सांगायचं तर, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा दुकानातल्या कामाच्या पोराला बोलावून विचारलं आणि तिसऱ्यांदा वाचताना कळलं की निम्मं तुमचं बरोबर आहे, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

ज्यांनी तुमचा रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरांची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245, रोज बेळगावात टिळकवाडी ते उद्यमबाग, महिन्यातून दोनदा गोवा. आमच्या दुकानात चार नवे टायर घातले, 225/40 आर18, आणि चारी दरवाजांचं डॅम्पिंग केलं, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट आतनं चिकटवली. त्यांचं म्हणणं असं : आवाज होता तेवढाच आहे, मोबाईलच्या अ‍ॅपवर आधी 72 डेसिबल यायचं आता 71 येतंय, गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटतीय, मित्राची बीएमडब्ल्यू एम340आय त्यापेक्षा फास्ट असून लोण्यासारखी चालतीय, आणि "आपला माणूस म्हणून गेलो, त्यापेक्षा कोल्हापूरला गेलो असतो तर बरं झालं असतं."

आधी आमची चूक. गाडी दगडासारखी का झाली ते मी पोराला विचारलं तर म्हणाला, अण्णा लो प्रोफाईल टायर हाय, गेटजवळच्या खड्ड्यात रिम वाकतीय म्हणून मी हवा जरा जास्तच घालतोय. किती जास्त? तुमच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो स्टिकर आहे त्यावर असतं त्यापेक्षा 5 पीएसआय जास्त. आता 40 प्रोफाईलचा टायर म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत 225 मिलीमीटर रुंदीच्या 40 टक्के, फक्त 90 मिलीमीटर, माझ्या तळहाताच्या रुंदीएवढी समजा, त्यात हवा टम्म भरली की ती भिंत दबतच नाही आणि सगळा दणका सरळ शॉकअपला आणि तिथनं तुमच्या पाठीला. पोराचा हेतू वाईट नव्हता पण चूक ती चूकच, आणि गाडी बाहेर काढायच्या आधी मी स्वतः गेज लावून बघायला पाहिजे होतं. तुम्ही परत आलात त्या दिवशी थंड टायरवर हवा स्टिकरप्रमाणं केली, तेव्हा तुम्हीच म्हणालात की जरा बरं वाटायलंय. ते रिव्ह्यूत लिहायचं राहिलं काय सर?

आता आवाज. त्या दिवशी आपण हिरेबागेवाडी टोलपर्यंत जाऊन आलो, तुम्ही चालवत होता, मी मागच्या सीटवर आडवा होऊन कान लावत बसलो होतो आणि तुम्ही आरशातनं बघून हसत होता. मला तिथं तीन वेगवेगळे आवाज ऐकू आले. शंभरच्या पुढं गेलो की आरशापाशी सूंsss, तो वारा, त्याला टायर आणि डॅम्पिंग दोन्हीचा उपयोग नाही. दुसरा घर्र घर्र गुरगुरणारा, तो तर गाडी मुद्दाम काढतीय, आरएस मोडमध्ये इंजिनचा आवाज केबिनमध्ये वाढवून ऐकवायची सोय कंपनीनंच दिलेली आहे, मोड नॉर्मलला घातला तसा तो गेला, आठवतंय का? आणि तिसरा साठ-सत्तरपासनंच चालू होणारा घूंsss, तो टायरचा, आणि तो दरवाजातनं येतच नव्हता, मागनं येत होता.

हे खरं मला आधी कळायला पाहिजे होतं. ऑक्टाव्हिया दिसायला सेडान, पण मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, म्हणजे डिकी आणि केबिन एकच खोली, मध्ये फक्त सीटची पाठ आणि तो हलका ट्रे. मागच्या चाकांचा आवाज व्हील आर्चमधनं, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीतनं, डिकीत आणि डिकीतनं सरळ तुमच्या मानेपाशी. तुमच्या मित्राच्या गाडीला डिकी वेगळी, मागच्या काचेखाली पत्र्याची पक्की शेल्फ. दुकानात आल्यावर आपण तुमच्या डिकीतला कार्पेट उचलला, स्टेपनी काढली, आणि मी खालच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली तर टण्ण, आणि डॅम्पिंग केलेल्या दरवाजावर मारली तर धप्प. तुम्ही म्हणालात, मग हे टण्ण वाजतंय तिथं का नाही केलं? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं सर, आणि अजून पण नाही. दरवाजांचं पॅकेज तयार असतंय, बहुतेक लोक स्पीकरच्या आवाजासाठी तेच करून घेतात, तेच तुम्हाला पण दिलं. तुम्ही आला होता टायरच्या आवाजाची तक्रार घेऊन. आपला माणूस म्हणून आलात तर आपल्या माणसासारखं पैसे घ्यायच्या आधीच सांगायला पाहिजे होतं.

पण 72 आणि 71 बद्दल मात्र मी बोलणार. एक तर डेसिबल म्हणजे किलो नव्हे की 72 तले 71 राहिले, 3 कमी झाले तर आवाजाची ताकद निम्मी होते, आणि कानाला "निम्मा झाला" वाटायला साधारण 10 कमी व्हावे लागतात. 1 नं फरक कळणार नाही हे कबूल. पण पहिलं रीडिंग तुम्ही कोरड्या रस्त्यावर घेतलं आणि दुसरं घेतलं तेव्हा सकाळपासनं पाऊस धो धो, ओल्या रस्त्यावर टायर पाणी चिरत जातो त्याचा आवाज वेगळा वाढतो, वरनं फोन एकदा होल्डरला आणि एकदा मांडीवर. कोरड्यात घेतलं असतं तर 65 आलं असतं असं मी म्हणत नाही, एवढंच की त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

तसंच बीएमडब्ल्यूचं. तुम्ही मित्राच्या गाडीत बसला हायवेच्या गुळगुळीत डांबरावर, आणि स्वतःची रोज चालवता शहरातल्या काँक्रीटवर, ते खाचा मारलेलं काँक्रीट कुठल्याही गाडीत जास्तच वाजतंय. त्या गाडीला पुढची काच पण आवाज अडवणारी आहे, आणि मित्रांनी रन-फ्लॅट (पंक्चर झाला तरी थोडं अंतर चालणारे, कडक भिंतीचे टायर) काढून साधे टायर घातलेत हे त्यांनीच मला सांगितलं. रन-फ्लॅटवर असतानाची तीच गाडी चोर्ल्याच्या रस्त्यावर घेऊन जा म्हणावं, मग लोणी किती ते बघू. आणि तुमची 2020 ला एक्स-शोरूम 36 लाखाची, त्यांची 2021 ला 63 लाखाच्या आसपासची, त्या मधल्या 27 लाखात नुसता स्पीड येत नाही, शांतता पण त्यातच येतीय. मला विचाराल तर तुमची स्टीअरिंगला जास्त मजा देते, पण ते माझं मत, त्याला पैसे पडत नाहीत.

कम्फर्टच पाहिजे असेल तर एक उपाय आहे, बिल वाढवायला सांगत नाही, पुढच्या टायरच्या वेळी विचार करा. 17 ची रिम आणि 225/45 टायर. चाकाची एकूण उंची 3 मिलीमीटरनं पण बदलत नाही त्यामुळं स्पीडोमीटरला काही होत नाही, आणि रबराची भिंत 90 ची 101 होते. 11 मिलीमीटर ऐकायला काहीच नाही, खड्ड्यात कळतंय. फक्त पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना ते एक रिम घालून, हातानं फिरवून बघितल्याशिवाय चारही घ्यायच्या नाहीत, मग ते आमच्याकडं असो की कोल्हापूरला.

तर आता असं करूया. दरवाजांचे पैसे परत देणार नाही, ते काम नीट झालंय आणि बाजूनं ट्रक गेला की फरक पडतोय हे तुम्हीच गाडीत बोलला होता. पण डिकीची जमीन, स्टेपनीचा खड्डा आणि मागचे दोन्ही व्हील आर्च आम्ही करून देतो, मजुरी एक रुपया नको, शीटचे पैसे आम्हाला पडतात तेवढेच. आर्चमधला पत्रा पूर्ण सुकलेला लागतो, नाहीतर शीट धरत नाही, म्हणून आठवडाभर पावसानं उघडीप दिली की फोन करतो. सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी न्या. येताना त्या मित्रांना पण घेऊन या, दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, एसीचा ब्लोअर बंद करून, फोन एकाच होल्डरला लावून हिरेबागेवाडीपर्यंत नेऊ. आकडा काय येईल तो तुम्ही इथंच लिहा, आवाज कमी झाला नाही तर ते पण लिहा. पोराला त्या दिवसापासनं एकच काम लावलंय, गाडी बाहेर जायच्या आधी स्टिकरचा आणि गेजचा फोटो काढून मला पाठवायचा.