आपल्याला काय कळतंय त्यातलं?

आईचं हे ठरलेलं वाक्य. 2018 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या इमारतीत रावबहादूर धुरंधरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन होतं. पायरीपाशी आल्यावर म्हणाली, "तू बघून ये, मी बसते इथं." हात धरूनच आत नेलं.

आत एका नऊवारीतल्या बाईच्या चित्रासमोर ती थांबली ती हलेचना. "काष्टा बघ कसा घातलाय. नुसतं बघून नाही हे जमत, याला लुगडं माहीत आहे." धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, पुढे तिथंच शिकवलं. त्यांच्या रेषेबद्दल मी बरंच वाचलं होतं. पण काष्ट्याच्या निऱ्या कुठे खोचल्यात हे मला दिसलंच नव्हतं. मग कळायचं म्हणजे आणखी काय असतं?

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना गेटवे दाखवतो, शिवाजी महाराज म्युझियम दाखवतो. समोरचा रस्ता ओलांडून या कला संग्रहालयात मात्र येत नाही. खरं तर तिन्ही वास्तू जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाने आखलेल्या. कला संग्रहालयाची ही इमारत तर 1911 ची, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि नावच मुळी पब्लिक हॉल. इथं गाण्याच्या मैफली झाल्या, राजकीय सभा झाल्या. पुढे हॉलची रया गेली, तरी कामगार संघटनांच्या बैठका, बॉक्सिंगचे सामने, लग्नं असं सगळं चालूच होतं. ज्या जागेत लोकांच्या पंगती उठल्या, तिथं आता आपण बिचकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दिल्लीत जयपूर हाउसमध्ये हे संग्रहालय 1954 ला सुरू झालं. मुंबईची शाखा उघडायला 1996 उजाडलं. शिल्पकार पिलू पोचखानावाला, गॅलरी चालवणारे केकू गांधी यांच्यासारखी माणसं हा हॉल संग्रहालयाला मिळावा म्हणून मागे लागली होती. आतलं काम बारा वर्षं चाललं. जुन्या भिंतींच्या आत अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात आणि शेवटी आपण थेट घुमटाखाली पोहोचतो. चित्रं बाजूला ठेवा, त्या जिन्यासाठी तरी एकदा जा.

माझं मत विचाराल तर इथला एक मजला बारा महिने मुंबईत घडलेल्या चित्रकारांसाठी राखून ठेवावा. 1947 साली मुंबईत जमलेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले हुसेन, रझा सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच सहा जणांत हरी अंबादास गाडे होते, सदानंद बाकरे होते. के. एच. आरा होते, ज्यांनी याच शहरात घरकाम केलं, गाड्या धुतल्या. गाड्या धुणाऱ्या माणसाची चित्रं बघायला आपण कसले लाजतो?

2019 मध्ये इथंच प्रभाकर बरवे लागले होते. त्यांची चित्रं म्हणजे घड्याळ, पान, शंख, सेफ्टी पिन, सगळं आपापल्या जागी गप्प बसलेलं. मला वाटलं, इथं मात्र आई कंटाळणार. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दुपारी सगळे कामावर गेले की घर असंच दिसतं."

सोमवारी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी जा, आणि घरातल्या "मी बसते इथं" म्हणणाऱ्या माणसाला सोबत घ्या.