क्वार्टरमास्टरची परवानगी

अमेरिकेतल्या केप कॉडला ऐन सुट्टीत पाऊस लागला की किनाऱ्यावरची जनता वाळूने भरलेल्या चपलांसकट वेस्ट यार्मथच्या चाच्यांच्या म्युझियममध्ये घुसते. आम्हीही घुसलो. ताई, भाऊजी, भाचा आणि मी. भाच्याला लाकडी पायाचा, खांद्यावर पोपट घेतलेला चाचा बघायचा होता. भाऊजींना सोनं बघायचं होतं. ताईला कोरड्या जागी टेकायचं होतं. माझं कुणी विचारलं नाही. मावशीला भाच्याचा हात धरायचा असतो.

पण सगळ्यात आधी आमच्या वाट्याला आले दगड. लोखंड समुद्रात तीनशे वर्षं गंजत पडलं की शेजारची वाळू, गोटे, जे सापडेल त्याला कवटाळतं आणि त्याची तपकिरी ढेप होते. या ढेपा पाण्यात बुडवून ठेवतात, एक्स-रे काढून पोटात काय आहे ते बघतात आणि मग बारीक हत्यारांनी कण-कण खरवडतात. महिनोन्महिने.

"खजिना कुठाय?" भाचा.

"यातच असेल."

"मग हातोडा मारा ना!"

भाऊजींनी "पोरगं चुकीचं नाही बोलत" अशा अर्थाची मान हलवली. ताईने दोघांकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

या ढेपा ज्या बुडालेल्या जहाजातल्या, त्याचं नाव 'व्हिडा'. कप्तान सॅम्युअल बेलामी, चाचा. २६ एप्रिल १७१७ च्या रात्री वेलफ्लीटजवळ वादळात ते उलटलं आणि त्यावरचे दोघेच वाचले. बुडालेली जहाजं शोधणाऱ्या बॅरी क्लिफर्डने ते १९८४ मध्ये शोधून काढलं, तेही किनाऱ्यापासून जवळच, जेमतेम चौदा फूट पाण्याखाली, वाळूत. पुढच्या वर्षी जहाजाची घंटा वर आली. तिच्यावर नाव आणि १७१६ साल कोरलेलं होतं, त्यामुळे हे व्हिडाच का, हा वाद मिटला. ही घंटा मी शांतपणे बघणार होते, तेवढ्यात भाच्याला 'शू' आली.

परत येईपर्यंत भाऊजी नाण्यांच्या काचेला नाक लावून फोनवर हिशेब करत होते. आठ रिआलचं स्पॅनिश नाणं साधारण २७ ग्रॅमचं. समुद्रात चांदी काळी पडते, सोनं मात्र काल सराफाकडून आणल्यासारखं राहतं. "आणि हे विकत नाहीत?" नाही, संग्रह एकत्र ठेवायचा असं ठरलंय. "एकसुद्धा नाणं नाही?" एकसुद्धा नाही. भाऊजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांचाच वाटा बुडाला.

पलीकडचा मजकूर वाचून त्यांनी फोन खिशात घातला. व्हिडा बांधलं होतं गुलामांच्या व्यापारासाठी. आफ्रिकेतून आणलेली माणसं कॅरिबियनमध्ये विकून, त्या पैशाचा माल भरून ते लंडनला परत निघालं असताना बेलामीने धरलं. अवशेषांत पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचे सोन्याचे दागिनेही सापडलेत. त्यांचा भाव भाऊजींनी काढला नाही.

मला सगळ्यात आवडली ती एका चाच्याची कोर्टातली साक्ष. बोस्टनच्या खटल्यात त्याने सांगितलं की लूट मोजून, माणशी एक असे वाटे पिशव्यांत भरून पेट्यांत ठेवले होते. पेट्यांवर पहारा नव्हता. फक्त क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे लुटीचे वाटे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. जहाजभर दरोडेखोर आणि पेट्या उघड्यावर! आमच्या घरात बिस्किटांचा डबा कपाटावर ठेवावा लागतो.

ताईला मी दुसऱ्या एका कप्तानाचे, बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचे नियमही सांगितले. रात्री आठला दिवे बंद. ताई एकदम सावरून बसली. "ऐकलंस? चाचेसुद्धा आठला झोपायचे."

"झोपायचे नाहीत," भाऊजी म्हणाले, "पुढे लिहिलंय की त्यानंतर प्यायचं असेल तर वर डेकवर जाऊन प्या." भाऊजींचं वाचन नको तिथे दांडगं आहे.

त्यातच भाच्याला जॉन किंग सापडला. दहा-एक वर्षांचा मुलगा, आईबरोबर प्रवासाला निघालेला. बेलामीने त्यांचं जहाज पकडलं तेव्हा हा पठ्ठ्या चाच्यांबरोबर जायचा हट्ट धरून बसला आणि त्यापायी आईलाही धमकावलं. त्याचा म्हणून मानला जाणारा बूट, रेशमी मोजा आणि पायाचं हाड समुद्रातून निघालंय. शेवट वाईट आहे हे मी दोनदा समजावलं. पण भाचा 'आईला धमकावलं' इथेच अडकला होता आणि ताईकडे नव्या नजरेने बघत होता.

नकाशे काढणाऱ्या बिचाऱ्या कप्तान सिप्रियन साउथॅकची कुणाला पडलेली नसते. व्हिडा फुटल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने त्याला लूट जप्त करायला पाठवलं. तो पोचेपर्यंत गावकऱ्यांनी किनाऱ्यावर आलेलं सगळं गाड्यांवर लादून घरी नेलं होतं. विचारलं तर कुणी काही पाहिलेलंच नाही. वर मृतदेह पुरल्याचं बिल त्याच्याच हातात ठेवलं! सरकारी नोकरी तेव्हाही अशीच होती. त्याने मुकाट्याने नकाशावर जागेची खूण केली आणि पुढे क्लिफर्डने तोच नकाशा धरून शोध घेतला.

दुकानात खरी लढाई झाली. भाच्याला प्लास्टिकची तलवार हवी होती. ताई नाही म्हणाली. त्यावर त्याने जाहीर केलं की चाचे कप्तानसुद्धा मत घेऊन निवडायचे, तेव्हा हात वर करा. भाच्याचा हात गेला. भाऊजींचा गेला. मी टोप्या बघत होते, तरी माझा हात त्याने धरून वर केला.

"तीन विरुद्ध एक!"

"छान," ताई पर्सची चेन लावत म्हणाली. "आता पैसे कोण देणार, त्यावरही मत घ्या."

भाऊजींचा हात तेवढ्यात खाली आला होता.