चित्रातल्या बाबांना उठवू नये

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम बाबांसाठी एक भक्कम आरामखुर्ची काढून घ्यावी. तीत त्यांना बसवून हाती वर्तमानपत्र द्यावे, म्हणजे चेहरा रेखाटण्याचे कष्ट वाचतात आणि पुढील सोळा पाने ते जागचे हलणार नाहीत याची निश्चिंती होते. आपल्या घरी पेपर केव्हाच बंद झालेला असला आणि खरे बाबा एका हाताने लोकलची कडी धरून मोबाइलवर बातम्या वाचत असले, तरी परंपरा मोडू नये.

आईला मात्र खुर्ची देऊ नये. तिचा पदर खोचावा आणि हातात पळी द्यावी. ती बँकेत अधिकारी असल्यास तसे मजकुरात एका वाक्यात सांगावे, चित्रात पळीच राहू द्यावी. ती एकटीने मूल वाढवत असेल, तर बाबा गावाला गेले आहेत असे लिहिणे सोयीचे पडते. आजीला अंबाडा आणि नऊवारी, आजोबांना धोतर आणि काठी. आज ज्यांना नातवंडे आहेत त्यांपैकी बरेच आजोबा १९७५ च्या सुमारास बेलबॉटम घालून कॉलेजात हिंडत होते, हा इतिहास मुलांपासून दडवलेलाच बरा.

काही आगाऊ मंडळी आपल्याला बालभारतीचा दाखला देतील. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा मिळून पालेभाजी निवडत असल्याचे चित्र आले आणि तेवढ्याची वृत्तपत्रांत बातमी झाली. म्हणजे चित्रांतल्या समस्त बाबांनी तोंडासमोर धरलेल्या पेपरातच ती छापून आली असणार; तरीही कोणी खुर्चीतून उठल्याचे ऐकिवात नाही.

माणसे काढणे अडचणीचे वाटल्यास पक्षी घ्यावेत, परंतु पक्षिनिरीक्षकाचा सल्ला कटाक्षाने टाळावा. सुगरणीचे ते देखणे घरटे नर विणतो, कमळपक्ष्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि उबवण्यापासून पिलांच्या संगोपनापर्यंत सारे नरच निभावतो, धनेश तर ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला फळे आणून भरवतो, असले काहीबाही तो सांगत सुटेल. आपण चोचीत दाणा धरलेल्या प्रत्येक पक्ष्याला बेलाशक आई म्हणावे. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी ठेवून आपल्या भाषेने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे.

शेवटच्या पानावर सारे कुटुंब हसतमुखाने जेवायला बसवावे आणि आईला वाढण्यासाठी उभे ठेवावे. ताटे चार, माणसे पाच. नुकतेच अंक शिकलेले मूल बोट ठेवून मोजू लागण्याचा संभव असतो, म्हणून वाचून दाखवताना हे पान जरा लवकर उलटावे.